काठची माती आणि सातबाऱ्याचे मौन

नदी घाण झाली की पात्र साफ करावे, ही आपल्याकडील सर्वमान्य रीत आहे. यंत्रे पात्रात उतरतात, गाळ निघतो, काठ बांधून काढला जातो, झाडे लागतात आणि उद्घाटनाचा फलक उभा राहतो. जालना शहरातून वाहणाऱ्या कुंडलिका आणि सीना या नद्यांच्या बाबतीतही गेल्या काही वर्षांत लोकसहभागातून असे काम झाले. ते करणाऱ्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्या गावाने टँकरसाठी रात्री जागून काढल्या, त्या गावाला नदीची आठवण व्हावी, हीच मुळात समाधानाची गोष्ट होय. परंतु नदीला मिळणारे पाणी ज्या जमिनीवरून आणि ज्या जमिनीखालून येते, त्या जमिनीची विचारपूस मात्र कोणी केलेली नाही. काठावरच्या मातीत पन्नास वर्षांच्या कारखानदारीने जे मुरवले असेल ते तसेच ठेवून पात्र धूत राहणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असाच प्रकार होय.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. व्यापाराचे ते सोने पुढे पोलादाचे झाले. मोडीत निघालेल्या यंत्रांचे, जहाजांचे व डब्यांचे भंगार विद्युतभट्ट्यांत वितळवून त्याची सळई करणारे महाराष्ट्रातील एक प्रमुख केंद्र म्हणून जालन्याची ख्याती आहे. या उद्योगाने जिल्ह्याला रोजगार दिला. भोकरदन तालुक्यातील राजूरपासून अंबड-परतूरपर्यंतच्या असंख्य घरांची चूल त्यावर पेटते, आणि परप्रांतांतून आलेल्या मजुरांचीही. तेव्हा कारखान्यांना शाप देत बसण्याची आमची भूमिका नाही. मात्र भंगाराबरोबर त्यावरचा रंग येतो, जस्ताचा मुलामा येतो, तेल-वंगण येते. भट्टीच्या उष्णतेत जस्त आणि शिसे यांची वाफ होते आणि थंड झाल्यावर ती बारीक धुळीच्या रूपाने खाली बसते. धूळ पकडणारी यंत्रणा चालू असेल तर ही धूळ पिशव्यांत गोळा होते आणि तिची विल्हेवाट हा पुढचा प्रश्न उरतो. यंत्रणा बंद असेल तर तिची विल्हेवाट वाराच लावतो. उरलेला मळ, ज्याला सारे स्लॅग म्हणतात, तो सखल जागा भरण्यास सोयीचा म्हणून ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, मोकळ्या भूखंडांवर ओतला जातो. स्लॅगचा प्रत्येक ढीग म्हणजे विष, असे आम्ही म्हणत नाही. त्यातील पुष्कळसा निरुपद्रवी असतो आणि रस्त्याच्या भरावाला उपयोगी पडतो. कोणता ढीग निरुपद्रवी आणि कोणता नव्हे, हे डोळ्यांनी पाहून समजत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यासाठी मातीचे नमुने घ्यावे लागतात आणि त्यांची तपासणी करावी लागते.

येथे आपल्या काळ्या मातीचा स्वभावही ध्यानात घ्यावयास हवा. ही चिकण माती धातूंचे अंश धरून ठेवते. त्यामुळे विष लांब पसरत नाही हे खरे, पण ते नाहीसेही होत नाही. पहिल्या जोरदार पावसात मातीचे कणच वाहून ओढ्यात जातात आणि धातू त्यांच्या पाठीवर बसून नदीत उतरतात. उन्हाळ्यात याच मातीला हातहात खोल भेगा पडतात. सांडलेले आम्ल वा तेल त्या भेगांतून थेट खालच्या मुरुमात आणि मुरुमाखालच्या फुटलेल्या खडकात शिरते. आपल्या विहिरी आणि बोअर याच थरांतून पाणी ओढतात. म्हणजे नदीच्या पात्राकडे न जाताही मातीतले विष घागरीपर्यंत पोहोचू शकते. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. राजूरकर म्हणतील, आम्ही तर पूर्णेच्या खोऱ्यातले, जालन्याच्या ओढ्याशी आमचा काय संबंध? तर परभणीच्या बाजूला ही दोन्ही पाणी एकत्र येतात, असा हा संबंध आहे. दुसरा त्याहून जवळचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

जमीन नासली की काय होते, याचा धडा देशाने एकदा फार मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे खेडे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील कारखान्यांनी रंगउद्योगाला लागणारे ‘एच-ॲसिड’ नावाचे रसायन तयार केले. उत्पादन फार काळ चालले नाही, पण त्यातून निघालेला सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ आवारात आणि आसपास पडून राहिला. पावसाचे पाणी त्यातून झिरपले आणि भोवतालच्या विहिरींचे पाणी काळसर तांबडे झाले. पिण्यास नाही, गुरांना नाही, शेतीलाही नाही. १९८९ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने माती आणि पाणी तपासून अहवाल दिला. १९९६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने स्पष्ट शब्दांत निर्णय दिला की, ज्याने प्रदूषण केले त्याने केवळ भरपाई देऊन भागणार नाही, जमीन आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही त्यानेच सोसला पाहिजे. भारतीय कायद्यात या तत्त्वाची मुळे रुजली ती याच निकालाने. परंतु वाचकांनी पुढची हकिकतही ऐकावी. ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपयांची रक्कम ठरली. ती भरावी लागू नये म्हणून अर्जांवर अर्ज झाले. शेवटी २०११ च्या जुलैत, म्हणजे मूळ अर्जानंतर बावीस वर्षांनी, न्यायालयाने ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. बिछडीत १९८९ साली जन्मलेली मुलगी तोवर दोन लेकरांची आई झाली असेल. तत्त्व जिंकले, हे खरे. विहीर मात्र तशीच राहिली.

भोपाळची कथा याहून मोठी आणि याहून लज्जास्पद आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर त्या कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलला तो २०२५ च्या जानेवारीत. पीथमपूर येथे तो जाळण्याचे काम त्याच वर्षी पार पडले. चाळीस वर्षांनी! आणि हा तर केवळ गोळा करून ठेवलेला कचरा. आवारातील व आवाराबाहेरील नासलेली माती व भूजल यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे. आपल्याच राज्यात उल्हासनगरला २०१४ च्या नोव्हेंबरअखेर वालधुनी नदीत टँकरभर रसायन ओतले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो माणसे रुग्णालयात गेली. मुंबईच्या मिठी नदीचा पाढा तर २००५ च्या महापुरापासून चालूच आहे. तिच्या काठी तेलाची व रसायनांची पिंपे धुणारी दुकाने वर्षानुवर्षे चालत आली, आणि गाळ काढण्याच्या कंत्राटांत पासष्ट कोटींचा अपहार झाल्याच्या आरोपावरून २०२५ साली गुन्हा नोंदवला गेला. आरोपाचा निकाल न्यायालय देईल. एवढे मात्र खरे की, गाळ मोजून उचलणे ज्यांना जमत नाही, त्यांना काठची माती कशी तपासता येणार?

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २०२५ च्या जुलैत दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले, ही घटना वृत्तपत्रांत एका रकान्यात आटोपली, तरी तिचे महत्त्व मोठे आहे. आजवर हवा आणि पाणी यांना कायदा होता, मातीला तो असा नव्हता. या नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेने अथवा जिल्हा प्रशासनाने स्वतःहून किंवा नागरिकांच्या तक्रारीवरून आपल्या हद्दीतील संशयित दूषित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी द्यावयाची आहे. त्यानंतर नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढील तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण, आणि जबाबदार कोण हे शोधण्यासाठीही नव्वद दिवसांची मुदत. जबाबदार सापडला तर खर्च त्याचा. सापडला नाही, किंवा त्याचे दिवाळे वाजलेले असेल, तर तो केंद्र आणि राज्य यांनी उचलायचा. नियम आले तेव्हा देशभरात १०३ दूषित स्थळांची निश्चिती झालेली होती आणि शुद्धीकरणाचे काम सुरू झाले होते ते अवघ्या सात ठिकाणी.

नियमांत एक उणीव ढळढळीत आहे. तपासणीला मुदत आहे, दोषी शोधण्याला मुदत आहे, जमीन प्रत्यक्ष शुद्ध होण्याला मात्र मुदत नाही. सरकारी कामकाजाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्या आमच्या कारकून बांधवांना याचा अर्थ सांगण्याची गरज नाही. पैशाचे काय, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेने लव्ह कॅनॉलच्या प्रकरणानंतर १९८० साली असाच कायदा केला आणि बेवारस स्थळांसाठी तेल व रसायन उद्योगांवर खास कर बसवला. १९९५ साली तो कर बंद पडला तशी कामे रेंगाळली, आणि २०२१ मध्ये तो पुन्हा लावावा लागला. कर देणारा ठरलेला नसेल तर ‘सरकार खर्च करील’ या वाक्यातले सरकार म्हणजे शेवटी आपणच.

तथापि आम्हांला सर्वांत चिंता वाटते ती पहिल्या पायरीची, म्हणजे यादीची. ही यादी दिल्लीत तयार होणार नाही. ती नगरपालिकेच्या, महानगरपालिकेच्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या टेबलावर तयार होणार. जी जागा यादीत नाही, ती कायद्याच्या दृष्टीने शुद्ध! ‘निरंक’ हा शब्द लिहिण्यास फार श्रम पडत नाहीत आणि त्याबद्दल कोणी जाबही विचारत नाही. जालना जिल्ह्याचा अहवाल निरंक गेला, तर कुंडलिकेच्या काठची माती कधी तपासलीच जाणार नाही, आणि मग ती चांगली की वाईट हा वाद चहाच्या टपरीवर तेवढा चालू राहील. कारखानदारांनाही हे हिताचे नाही. ज्यांची जागा स्वच्छ आहे, त्यांना ते सिद्ध करण्याची संधी तपासणीनेच मिळेल.

आता तो जवळचा संबंध. जालन्याला महानगरपालिका झाली, समृद्धी महामार्ग आला आणि शहराभोवतीच्या जमिनींना भाव आला. राजूर, भोकरदन, जाफराबाद येथील शिक्षक वा कारकून निवृत्तीची रक्कम हाती आली की मुलांच्या शिक्षणासाठी जालन्यात एखादा बिनशेती प्लॉट पाहतो. दलाल त्याला सपाट केलेली, भराव टाकलेली जागा दाखवतो. तो सातबारा पाहतो, बोजा आहे का ते पाहतो, बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो. त्या भरावात काय आहे, हे मात्र कोणताही कागद सांगत नाही. तो घर बांधतो, बोअर घेतो, परसात मेथी-कोथिंबीर लावतो. आयुष्यभराची पुंजी कशावर उभी राहिली हे त्या माणसाला कधी कळणारही नाही.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात पतसंस्थेच्या पाच हजारांच्या कर्जाचीही नोंद होते. त्याच रकान्यात, आणि शहरी हद्दीत मिळकत पत्रिकेवर, ‘संशयित दूषित स्थळ, तपासणी प्रलंबित’ एवढी नोंद का होऊ नये? यासाठी नवा कायदा लागू नये. राज्य सरकारचे एक परिपत्रक आणि तलाठ्याची लेखणी पुरेशी व्हावी. अशी नोंद असलेल्या जमिनीला अकृषिक परवानगी तपासणीच्या अहवालाशिवाय देऊ नये. शुद्धीकरण झाले की नोंद कमी करावी, जशी कर्ज फिटल्यावर बोजाची करतात. मालकाला स्वतःच शुद्धीकरणाची घाई होईल, असा हा एकमेव उपाय आम्हांला दिसतो, कारण नोंद असेपर्यंत त्याच्या जमिनीला भाव येणार नाही.

शुद्धीकरण म्हणजे काही जादू नव्हे. नासलेली माती खोदून सुरक्षित भरावकेंद्रात न्यावी लागते. अशी केंद्रे तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथे आहेत आणि जालन्याहून त्यांतील एकही जवळ नाही. म्हणून जेथे शक्य तेथे माती जागेवरच धुणे, चुना वा सिमेंट मिसळून धातू बांधून टाकणे, अथवा अभेद्य थराने झाकून पाणी वळवणे, हे स्वस्त मार्ग वापरतात. लंडनमध्ये २०१२ च्या ऑलिंपिकसाठी ली नदीच्या खोऱ्यातील जुन्या कारखान्यांची जमीन अशीच धुऊन घेतली आणि उपसलेल्या मातीपैकी बहुतेक माती तेथेच वापरली. आपल्याकडे ऑलिंपिक नाही. पण नमुने घेण्यास ऑलिंपिक लागत नाही. महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काठच्या जुन्या भरावांचा नकाशा करावा, जुन्या माणसांना विचारून कोठे काय ओतले जात होते ते टिपून घ्यावे, आणि त्यासह लेखी तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल करून पोच घ्यावी. तक्रारीवरून स्थळ यादीत घेण्याची तरतूद नियमांतच आहे. पोच घेतलेला कागद असल्यावर ‘निरंक’ लिहिणाऱ्याला निदान एकदा तरी लेखणी थांबवावी लागेल.