मुलांची छबी आणि अकादमीची जाहिरात

उन्हाळी शिबिरे आटोपून जूनच्या प्रवेशांची लगबग सुरू झाली, की मुंबई-पुण्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या बालफुटबॉल अकादम्यांचे संचालक इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप यांच्याकडे वळतात, आणि त्यात गैर काहीच नाही; मैदानाचे भाडे, प्रशिक्षकांचे वेतन आणि चेंडूंचा खर्च ज्या शुल्कातून भागवावयाचा, ते देणारा पालक आज मोबाइलवरच प्रशिक्षकाचा शोध घेतो. तथापि ही जाहिरात सर्वस्वी मुलांच्या छबीवर उभारण्याचा जो प्रघात अलीकडे पडला आहे, तो व्यवसायाला आणि खेळाला सारखाच घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दहा वर्षांचा एखादा चपळ मुलगा तिघांना चकवून गोल करतो, त्या काही सेकंदांची रील गावभर फिरते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच मैदानावर सहकाऱ्याला पास देण्याची बुद्धी मागे पडून कॅमेऱ्यासमोर चेंडू घोळवण्याची हौस बळावते. ज्याने धावून जागा मोकळी करून दिली, ज्याने मुळात चेंडू हिसकावून घेतला, त्यांचे कौशल्य रीलमध्ये सहसा दिसत नाही. त्यांचे पालक नाराज होतात, आणि संघनिवडीची कैफियत प्रशिक्षकाला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर द्यावी लागते. शिवाय या वयात शरीराची वाढ इतकी असमान असते, की आज सर्वांवर मात करणारा मुलगा पुष्कळदा केवळ इतरांच्या आधी वाढलेला असतो. त्याला भावी तारा म्हणून मिरवणे हा प्रथम त्याच्यावरच अन्याय होय.

निवडीच्या दाव्यांबाबत तर अधिकच दक्षता हवी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी-वर्गांच्या जाहिरातींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवाचून वापरता येत नाही, ही संमतीही निवड झाल्यानंतरच घ्यावी लागते, आणि त्याने कोणता अभ्यासक्रम किती मुदतीचा केला, हे जाहीर करावे लागते. क्रीडाशिक्षण या तत्त्वांतून वगळलेले आहे. त्या सवलतीचा लाभ न घेता तोच दंडक आपण स्वेच्छेने पाळावा, अशी आमची सूचना आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्यामागे पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीतील प्रशिक्षण होते. अशा खेळाडूचे छायाचित्र, तो जेथे चार दिवस शिबिराला येऊन गेला त्यांनीही आपला म्हणून झळकवावे, तर ज्यांनी त्याला खरोखर घडवले त्यांचा हक्क बुडतो. परदेशी क्लबातील निवडीचे आमिष याहून वाईट. फिफाच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय स्थलांतर, मोजके अपवाद वगळता, निषिद्ध आहे. तेव्हा बारा वर्षांच्या मुलाच्या पालकांना युरोपातील क्लबाची आशा दाखवून शुल्क घेणे ही निखालस दिशाभूल आहे.

डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानतो, त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो आणि बालकांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली, तरी आपण मुदतीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रवेश-अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत घातलेले कलम पुरेसे समजू नये. छायाचित्रणाचे संमतिपत्र स्वतंत्र असावे, ते नाकारणाऱ्या पालकाच्या मुलाला संघात किंवा प्रवेशात डावलू नये, आणि संमती मागे घेतली जाताच चित्र उतरवावे. मुलाचे पूर्ण नाव, शाळा आणि सरावाची वेळ एकाच पोस्टमध्ये देणे म्हणजे अनोळखी माणसाला त्याचा ठावठिकाणा कळवणे होय.

मग जाहिरातीत दाखवावे काय, तर प्रशिक्षकाचे काम. रोंडो या वर्तुळातील पासच्या सरावात मधल्या दोघांना तो कोठे उभे करतो आणि का, पावसाने मैदान चिखलाचे झाल्यावर त्या दिवसाचा सराव कसा बदलतो, चुकलेल्या मुलाशी तो कोणत्या स्वरात बोलतो, हे मुलांचे चेहरे न दाखवताही चित्रित करता येते, आणि जाणत्या पालकाचा इतबार त्यावरच बसतो. नऊ वर्षांच्या मुलीची आई चौकशीचा फोन करते, तेव्हा ती प्रशिक्षकाचा परवाना, एका प्रशिक्षकामागे मुलांची संख्या, प्रथमोपचाराची तजवीज, मुलींना कपडे बदलण्यासाठी जागा, परतीची वेळ आणि वर्षाचे एकूण शुल्क विचारते. चषकांची संख्या क्वचितच. या प्रश्नांची साधी, बिनचूक उत्तरे खात्याच्या अग्रभागी कायम असावीत. पैसे मोजून जाहिरात द्यावयाचीच, तर ती मैदानाच्या जवळपास राहणाऱ्या पालकांपुरती द्यावी. लहान मूल रोजच्या सरावाला शहराच्या दुसऱ्या टोकाहून येत नाही.

नव्या प्रवेशांची जाहिरात देण्यापूर्वी प्रत्येक संचालकाने आपल्या खात्यावरील जुन्या रील्स तपासाव्यात आणि ज्यांचे संमतिपत्र दप्तरी नाही त्या आजच उतरवाव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.