अठ्ठावीस सांधे, चार मिनिटं

आत्याला आमवात आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. दर तीन महिन्यांनी रजा टाकून मी तिला पनवेलहून मुंबईला नेतो. हार्बर लाइन, मग टॅक्सी, मग साडेतीन तास बाकड्यावर. डॉक्टर हुशार आहेत, माणूसही चांगला. पण बाहेर एवढी गर्दी, तो तरी काय करणार? आमच्या वाट्याला चार मिनिटं.

मागच्या खेपेला घोळ झाला. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची, फॉलिक अॅसिड इतर दिवशी. दोन्ही गोळ्या पिवळ्या, इवल्याशा. आत्यानं अदलाबदल केली. तिसऱ्या दिवशी डबा भरताना माझ्या लक्षात आलं, नाहीतर... मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली तर तोंड सोलपटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस जातोसुद्धा.

त्या ओपीडीत एक सिस्टर आहेत. वजन घेतात, बीपी बघतात, फाइल आत सरकवतात. आत्याच्या नातवाचं नावसुद्धा त्यांना पाठ आहे. ही गोळ्यांची भानगड दहा मिनिटं बसून समजवायला त्यांच्याहून योग्य माणूस कोण? पण ते त्यांचं काम नाही म्हणे!

इथे माझं डोकं फिरतं. आमवात एकदा नक्की झाला की पुढचं बरंचसं काम ठरलेलं असतं. खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस, असे 28 सांधे दाबून बघायचे. किती दुखतात, किती सुजलेत ते मोजायचं. त्यात ईएसआर आणि पेशंटला स्वतःला कसं वाटतंय ते मिळवून एक आकडा काढायचा, डीएएस-28. शिवाय लिव्हर आणि रक्ताच्या तपासण्या. आकडा चढला किंवा रिपोर्ट बिघडला की डॉक्टर. आमच्याकडे सर्व्हर पडला तर पहिला फोन आर्किटेक्टला जात नाही, तसंच.

चार वर्षं बीएस्सी नर्सिंग केलेल्या मुलीला हे शिकवता येणार नाही? डॉ. अरविंद चोप्रांनी 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला (हो, तेच फ्लेमिंगोवालं) गावातलेच कार्यकर्ते शिकवून घरोघर सांधेदुखीचे पेशंट हुडकले होते. इंग्लंडात लीड्सच्या ओपीडीत नर्स प्रॅक्टिशनरची चाचणी घेतली, तिचा निकाल 1994 सालचा. तिच्या पेशंटचं दुखणं कमी झालं, आजाराची समजही वाढली. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं तर 2012 साली नर्सच्या कामाबद्दल रीतसर शिफारशीच काढल्या.

आपल्याकडेही पाटी कोरी नाही. चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी 1992 साली हृदयशस्त्रक्रियेसाठी फिजिशियन असिस्टंट तयार करायला घेतले. 2021 च्या कायद्यात फिजिशियन असोसिएटची नोंद आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्स आहे. म्हणजे आयसीयूत मरणाच्या दारातला पेशंट चालतो, आणि बोटांचे सांधे मोजायला मात्र डीएमच पाहिजे?

"मग भोंदूंना रान मोकळं!" हे ऐकलंय. 2019 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या विधेयकातल्या 32व्या कलमावरून डॉक्टर संपावर गेले, तेव्हाही हाच मुद्दा होता. मुद्दा खोटा नाही. ब्रिटनमध्ये 2025 च्या लेंग समितीनंही सांगितलंय की निदान न झालेले पेशंट असिस्टंटनं सरसकट बघू नयेत. कबूल! निदान डॉक्टरांनीच करावं, औषध त्यांनीच ठरवावं. मी मागतोय तो पाठपुरावा. वर्षभर तज्ज्ञाच्या हाताखाली शिकलेली सिस्टर, लिहून ठेवलेला प्रोटोकॉल आणि अडलं तर शेजारच्या खोलीत डॉक्टर. आणि हो, तिचा पगारही वाढवा. जबाबदारी वाढवायची आणि पगार तोच, हा धंदा आयटीत आम्ही पुरेसा पाहिलाय.

सध्या मेथोट्रेक्सेटची पाकिटं माझ्या कपाटात असतात. दर रविवारी सकाळी मी ती मोजून आत्याच्या हातावर ठेवतो. पुढच्या महिन्यात मला पुण्याला प्रोजेक्टवर जायचंय.