उरलेला फोन

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी शोधावी लागते. पहिलं पान फोनच्या जाहिरातीचं, दुसरंही फोनचंच, आत कुठेतरी फ्रीज आणि वॉशिंग मशीन. २०२५ ची दिवाळीही तशीच गेली. त्या वर्षी चढाओढ होती सगळ्यात बारीक फोनची. मे महिन्यात सॅमसंगने ५.८ मिलिमीटर जाडीचा फोन आणला, सप्टेंबरमध्ये ॲपलने ५.६ मिलिमीटरचा. दोन्ही लाखाच्या वर. दोन केसांएवढा फरक आणि त्याचा एवढा गाजावाजा!

त्याच आठवड्यात आमच्या केंद्रात बैठक होती. विषय होता ‘फोनची काळजी कशी घ्यावी’. तो मी ठरवला नव्हता, वस्तीतल्या बायकांनीच मागितला होता. खरं सांगते, मी थोडी नाराज होते. नव्वदच्या दशकात आम्ही चंगळवादावर शिबिरं घेतली, जाहिरातींतल्या बाईच्या चित्रणावर पोस्टर प्रदर्शनं गावोगाव नेली. आणि आता फोनला कुठली काच लावावी हे सांगत बसायचं? पण बायका आपणहून विषय मागतात तेव्हा त्यामागे काहीतरी असतं, एवढं इतक्या वर्षांत कळलंय.

सुरुवातीला मी सगळ्यांना आपापले फोन सतरंजीवर मध्यभागी ठेवायला सांगितलं. म्हटलं, आता एकेकीने सांगायचं, हा फोन तुमच्याकडे आला कसा? मला वाटलं होतं दहा मिनिटांत आटपेल. दीड तास गेला.

एकीच्या मुलाने नवा घेतला, म्हणून त्याचा जुना तिला मिळाला. एकीचा नवऱ्याचा, कोपऱ्यातून तडकलेला, वर चिकटपट्टी लावलेली. एकीचा दिराचा होता. त्याचा कानाशी धरून ऐकायचा आवाज गेलेला, फक्त स्पीकर चालतो. म्हणजे माहेरी आईशी काय बोलली ते अख्ख्या चाळीला कळणार. धुणीभांडी करणाऱ्या एकीला तिच्या मॅडमनी आपला जुना फोन दिला होता, पण फुकट नव्हे. दिवाळीच्या बोनसमधून हजार रुपये कापून. एक जण फोन पुढे सरकवून म्हणाली, “ताई, हा माझा नाही, घरचा आहे. बैठकीपुरता मागून आणलाय.” नवा, स्वतःच्या नावाच्या पावतीने घेतलेला फोन एकीकडेच निघाला. शिवणकाम करते, बचतगटाकडून कर्ज काढून घेतलेला. पावती तिने रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीय.

ऐकता ऐकता मला आमच्या शिबिरांतला जुना प्रश्न आठवला: तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? उत्तर तेव्हाही सगळ्यांना ठाऊक असायचं, फक्त मोठ्याने म्हणायला वेळ लागायचा. फोनचंही तसंच आहे. आधी कर्ता पुरुष, मग मुलगा, मग कॉलेजात जाणारी मुलगी, आणि शेवटी उरलंसुरलं असेल ते बाईला. बाजारात नवा माल आला की घरात जुना एकेक पायरी खाली उतरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशभरात ५४ टक्के बायका हो म्हणाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. पण ‘स्वतः वापरते’ म्हणजे ‘स्वतःचा’ नव्हे. तो फरक मोजणारा प्रश्न तिथे नव्हता. आमच्या सतरंजीवर मात्र तो स्पष्ट दिसत होता.

कोणी म्हणेल, जुना का होईना, मिळाला ना? बिघडलं कुठे? तर ऐका. काही वर्षांपूर्वी एक बाई केंद्रात आली. मारहाणीची केस. आम्ही नेहमीप्रमाणे सांगितलं, अंगावरच्या खुणांचे फोटो काढून ठेव, पुरावा होतो. तिने काढले. फोन होता नवऱ्याने वापरून दिलेला, आणि त्यात गूगलचं खातं अजून त्याचंच होतं. ती काढत असलेला प्रत्येक फोटो त्याला त्याच्या नव्या फोनवर दिसत होता. त्याने तिथून पुसले, ते इथूनही गेले. पोलिसांपुढे दाखवायला तिने फोन उघडला तर खुणा नाहीत, काही नाही. वर घरी गेल्यावर त्याने विचारलं, कोणी शिकवलं तुला फोटो काढायला? पुढचं सांगायला नको. फोटो काढ हे आम्ही सांगितलं, पण फोनमध्ये खातं कोणाचं हे विचारलं नाही. ती चूक आमची होती. आज फोनच्या काळजीचा विषय मला क्षुल्लक वाटत नाही तो त्यामुळे.

म्हणून आमच्या केंद्रात फोनची काळजी काचेपासून नव्हे, खात्यापासून सुरू होते. वापरलेला फोन हातात आला की आधीच्या माणसाला त्याचं खातं स्वतः काढायला लावायचं, मग फोन आतून पूर्ण पुसून नव्याने चालू करायचा. आपलं खातं आपल्या नावाने उघडायचं, पासवर्ड आपणच ठरवायचा. ‘मी करून देतो’ म्हणणाऱ्या भाच्याकडून शिकून घ्या, करून घेऊ नका. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ नावाची जागा आहे. आपलं व्हॉट्सॲप आणखी कुठल्या कॉम्प्युटरवर उघडं आहे ते तिथे दिसतं. गूगल मॅप्समध्ये आपला ठावठिकाणा कोणाला दिसतोय तेही पाहता येतं. कुलूप बोटाच्या ठशाचं ठेवण्यापेक्षा आकड्यांचं बरं. झोपलेल्या बाईचं बोट फोनवर टेकवता येतं, तिच्या डोक्यातले सहा आकडे काढून घेता येत नाहीत.

मात्र एक इशारा. जिथे मारहाण आहे तिथे एका रात्रीत कुलूप बदलणं धोक्याचं ठरू शकतं. ‘लपवण्यासारखं काय आहे तुझ्याकडे?’ हा प्रश्न हात उगारूनच विचारला जातो. अशा वेळी आधी बोला, पुराव्याच्या प्रती मैत्रिणीकडे किंवा केंद्रात ठेवा, मग पुढचं. आणि बाईच्या मनाविरुद्ध तिच्या इंटरनेट वापरावर, ईमेल-संदेशांवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हे केंद्रातल्या प्रत्येक कार्यकर्तीला पाठ असायला हवं.

आता बॅटरीकडे येते, कारण बायकांचा पहिला प्रश्न तोच होता. बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. आणि बाईचा फोन दिवसभर असतो कुठे? ओट्यावर, शेगडीच्या शेजारी, वाफेत. नाहीतर पोलक्यात, घामात, कारण आपल्या कपड्यांना खिसाच नसतो. फोन ओट्यापासून लांब टांगायला एक कापडी पिशवी शिवा. चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका. दर वेळी पूर्ण उतरू देऊ नका, आणि रोज शंभर टक्के भरलाच पाहिजे असंही नाही. वीस ते ऐंशीच्या मध्ये राहिली तर बॅटरी जास्त टिकते. पाठ फुगलेली दिसली तर फोन लगेच बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका, बॅटरी बदलून घ्या. फोन भिजला तर तांदळात पुरून ठेवायची आपली सवय. २०२४ च्या सुरुवातीला ॲपलनेही सांगितलं की तसं करू नका, तांदळाचे बारीक कण आत जातात. नुसता पुसून हवेशीर जागी वाळू द्या. पावती आणि डबा जपा. डायल करायच्या जागी *#०६# दाबलं की पंधरा आकड्यांचा क्रमांक येतो, तो वहीत लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार नोंदवून ‘संचार साथी’वर त्याच क्रमांकाने तो बंद करता येतो.

पण सगळी जबाबदारी बाईच्या काळजीवर टाकून मोकळं होता येणार नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांची गोष्ट आठवा. सरकारने त्यांना कामासाठी फोन दिले, दोन जीबी रॅमचे. त्यावर २०२१ मध्ये केंद्र सरकारचं पोषण ट्रॅकर आलं. ॲप इंग्रजीत, फोन तापणारा, मध्येच अडकणारा, वॉरंटी संपलेली. दुरुस्तीचा खर्च पुन्हा सेविकेच्याच गळ्यात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सेविकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत हे फोन सरकारला परत केले. मला ते आंदोलन फार महत्त्वाचं वाटतं. बायकांनी ‘जपून वापरू’ असं म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं, काम तुमचं, तर साधनही धड द्या.

सिमकार्डाचंही तसंच. लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं तेव्हा बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधाराचाही ओटीपी मागितला गेला. ज्या विधवा आहेत, परित्यक्ता आहेत, ज्यांचे वडीलही गेले, त्यांनी ओटीपी कोणाच्या फोनवरून आणायचा? ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी बदल करावा लागला. पण नियम करताना हा प्रश्न कोणालाच सुचला नाही, हे विसरून चालणार नाही.

हे समोर ठेवून आता त्या वर्षीच्या नव्या मालाकडे पाहू या. मे २०२५ मध्ये कॅमेरा असलेले चष्मे भारतात विकायला आले, किंमत २९,९०० पासून पुढे. दिसायला साधा गॉगल. चित्रीकरण चालू असलं की कडेला बारीक दिवा लागतो. बसमध्ये, बाजारात, समोर बसलेल्या माणसाच्या चष्म्यातला दिवा पाहत बसायची जबाबदारी पुन्हा कोणाची? बोटात घालायची अंगठीही मिळते, ती झोप मोजते. पाणी रात्री दोनला येतं त्या वस्तीतल्या बाईला आपली झोप का होत नाही ते अंगठीवाचून ठाऊक आहे. महागड्या फोनना सात वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचं वचन काही कंपन्या आता देतात. स्वस्त फोनच्या वाट्याला त्याहून खूप कमी येतात. म्हणजे तो घरातल्या पायऱ्या उतरत बाईपर्यंत पोचतो तेव्हा अनेकदा त्या मिळणं थांबलेलं असतं. त्याच फोनवर तिचं बँकखातं असतं.

आणि हे फोन जुळवतं कोण? तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ आयफोन जुळवणाऱ्या कारखान्यात बहुतांश तरुण मुलीच काम करतात. डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातल्या अन्नातून विषबाधा झाल्यावर त्यांनी महामार्ग अडवला होता. जून २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली की तिथे जुळवणीच्या कामावर विवाहित बायकांना घेणं टाळलं जात होतं. केंद्राने राज्याकडे अहवाल मागितला. नव्या फोनच्या पहिल्या टोकाला बाई आहे आणि उरलेल्या फोनच्या शेवटच्या टोकालाही बाईच. मधल्या सगळ्या जाहिराती भलत्यांसाठी.

आपल्या काही मैत्रिणी म्हणतात, फोनमुळे बायका बाजाराच्या जाळ्यात जातात, रात्री-अपरात्री शाळेचे आणि सोसायटीचे ग्रुप सांभाळत बसतात, घरकामात आणखी एका कामाची भर. खोटं नाही ते. पण जाळ्यातून बाहेर पडायचा निर्णयही आपला फोन आपल्या हातात असलेली बाईच घेऊ शकते. मागून आणलेल्या फोनवर तो घेता येत नाही.

आणि थोडं आपल्याकडेही पाहायला हवं. मी नवा फोन घेतला तेव्हा जुना माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना दिला. किती उदार वाटलं होतं स्वतःला! त्यातलं माझं खातं मी काढलं होतं का? नाही. महिन्याभराने त्यांच्या नातवाचे फोटो माझ्या फोनवर दिसले तेव्हा लक्षात आलं. संस्थांमध्येही नवा फोन समन्वयक ताईंना आणि जुना वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्तीला, असंच चालतं की नाही? येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात कार्यकर्त्यांचे फोन आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च स्वतंत्र लिहू या. प्रत्येक केंद्रात एकीला तरी काच आणि बॅटरी बदलायचं काम शिकवू या. दुकानातल्या पोराच्या हातात उघडा फोन देऊन आत जीव मुठीत धरून उभं राहणं तरी संपेल.

बैठक संपल्यावर सगळ्यांनी सतरंजीवरून आपापले फोन उचलले. बैठकीपुरता मागून आणणारी मात्र मागे थांबली. तिने शिवणकामवालीला विचारलं, “बचतगटाच्या कर्जाला नवऱ्याची सही लागते का गं?”

लागत नाही. ती आता हप्त्याचा हिशेब करतेय.