काळ्या इंजिनावरचा प्रकाश

वाफेच्या इंजिनाचे छायाचित्र काढणे वरवर पाहता सोपे वाटते. प्रत्यक्षात काळे इंजिन प्रकाश गिळून टाकते. सूर्य माथ्यावर असला की चाके, त्यांना जोडणारे दांडे, बॉयलरचा खालचा भाग असे सारेच काळोखात बुडते. म्हणून जाणकार सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पाहतात आणि थंडीचे दिवस धरतात. गार हवेत वाफेचे चटकन जलकण होऊन पांढरा पिसारा उठून दिसतो. उन्हाळ्यात तीच वाफ पाहता पाहता विरून जाते.

अमेरिकेतील ओ. विन्स्टन लिंक यांनी सूर्यावर विसंबणेच नाकारले. १९१४ साली ब्रुकलिन येथे जन्मलेले लिंक शिक्षणाने स्थापत्य अभियंता, तर व्यवसायाने जाहिरातींचे छायाचित्रकार होते. जानेवारी १९५५ मध्ये कामानिमित्त व्हर्जिनियात गेले असता त्यांनी नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वेची इंजिने पाहिली. वाफेवर टिकून राहिलेली ती देशातील अखेरची मोठी रेल्वे होती आणि तिचेही दिवस भरत आले होते. पुढील पाच वर्षे ते न्यूयॉर्कहून पुन्हा पुन्हा तेथे जात राहिले. कंपनीने परवानगी दिली. खर्च मात्र सारा पदरचा.

त्यांनी रात्र निवडली. रात्री प्रकाश हवा तेथे ठेवता येतो आणि काळ्या आकाशावर वाफ दुधासारखी उजळते. पण त्या काळचा फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटत असे. असे डझनावारी बल्ब रुळांच्या कडेने, झाडांआड, घरांच्या कोपऱ्यांत बसवायचे, लांबच लांब तारा ओढायच्या आणि गाडीची वाट पाहायची. जोडणी एकसर असल्याने एक सांधा सैल राहिला तरी सारा अंधार. तासन्‌तासांच्या तयारीचे भांडवल एका निमिषावर लावलेले; परतावा किती, ते निगेटिव्ह धुतल्यावरच कळणार!

१९५६ साली वेस्ट व्हर्जिनियातील आयेगर येथे टिपलेले त्यांचे चित्र जगभर गाजले. मोटारीत बसून चित्रपट पाहणारे तरुण जोडपे, पडद्यावर विमान आणि मागून धडाडत जाणारी मालगाडी. फ्लॅशच्या झोतात पडदा पांढराफटक पडला, म्हणून विमानाची प्रतिमा त्यांनी दुसऱ्या निगेटिव्हवरून घातली. काटेकोर मंडळींना हे खटकते. तथापि गाडी, माणसे आणि ती घटिका खरीच होती. लिंक यांचे खरे कसबही तेथेच दिसते. त्यांच्या उत्तम चित्रांत इंजिन एकटे नसते. ग्रीन कोव्ह येथील भरदिवसाच्या चित्रात गाडीला जुंपलेली मॉड नावाची घोडी मान खाली घालून उभी आहे आणि समोरून आगगाडी येत आहे. नुसत्या यंत्राची छबी कितीही सुबक असली तरी अशी मनात राहत नाही.

१९६० मध्ये त्या मार्गावरील वाफेची इंजिने थांबली. लिंक यांच्याजवळ सुमारे २,४०० निगेटिव्ह जमली होती. त्यांना मोठा मान मिळू लागला तो दोन दशकांनंतर. रोअनोक येथील जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत २००४ साली त्यांचे संग्रहालय उघडले, ते पाहायला लिंक हयात नव्हते.

चित्रांबरोबर त्यांनी ध्वनीही टिपून ठेवले. १९५७ च्या नाताळच्या आदल्या रात्री रूरल रिट्रीट या छोट्या स्थानकावर त्यांनी ध्वनिमुद्रण यंत्र लावले होते. चर्चच्या घंटांवर नाताळगीते वाजत आहेत आणि त्यांतूनच वाफेच्या इंजिनाची प्रवासी गाडी स्थानकात येते, क्षणभर थांबते, दूर निघून जाते.