पिल्लांआधी खुराडं



आगमनकाळ तोंडावर आला आहे. नाताळात गरजू कुटुंबांना काय द्यायचं, याची चर्चा दरवर्षीप्रमाणे मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर सुरू झाली आहे. यंदाही कोंबडीची पिल्लं द्यावीत, असा बहुतेकांचा कल दिसतो. कल्पना चांगली आहे. चादर एकदा दिली की दिली. कोंबडी मात्र अंडी देते, मुलांच्या पोटात काही जातं, उरलेली आठवडी बाजारात विकली जातात आणि तो पैसा घरच्या बाईच्या हातात राहतो. पिल्लांना माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की पिल्लांआधी खुराडं द्यावं. दोन्हीला पैसे पुरत नसतील तर पिल्लं निम्मी करावीत, खुराडं निम्मं करू नये.

मागच्या वाटपानंतर उपवासकाळात कुटुंबभेटीसाठी आमचा गट खानापूरकडच्या वाड्यांत फिरला. ज्या घरांत दहा-दहा पिल्लं गेली होती, तिथे कुठे दोन उरली होती, कुठे एक, कुठे नुसता पुठ्ठ्याचा खोका. एका काकींनी सांगितलं, "पहिल्या थंडीतच चार गेली, बाई. एकमेकांवर चढून बसायची. दोन कावळ्यानं नेली. राहिलेली जरा अंगानं भरली तर रात्री रानमांजर आलं." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "फादरांना सांगू नका हं. त्यांना वाटंल, आम्हाला दिलेलं राखता आलं नाही."

मला पिल्लं मेल्यापेक्षा हे जास्त लागलं. आपण दिलेल्या वस्तूची लाज त्या घराला वाटत होती. आणि इकडे आपल्यातलेच काही जण म्हणतात, "या लोकांना काही दिलं तरी टिकत नाही." न टिकण्याची सगळी व्यवस्था करून द्यायचं आणि टिकलं नाही म्हणून घेणाऱ्याला बोल लावायचा, याला दान म्हणायचं का, हे आपण स्वतःला विचारायला हवं.

आता पिल्लांचं बघू. आपण वाटतो ती गिरिराज किंवा वनराज जातीची, एक दिवसाची, उबवणी केंद्रातून खोक्यात आलेली. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. दोन्ही परसात वाढवायला चांगल्या. गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, या त्याहून बऱ्याच जास्त देतात. पण या पिल्लांना आई नसते. एकवीस दिवस यंत्रात काढून ती बाहेर येतात. पंखाखाली घेणारं कोणी नाही, घार दिसली की ओरडून बोलावणारं कोणी नाही, उकिरडा कसा उकरायचा हे दाखवणारंही कोणी नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला जवळजवळ 35 अंश ऊब लागते, आणि डिसेंबरातली आपल्याकडची पहाट कशी असते ते पहाटेच्या मिस्साला येणाऱ्यांना सांगायला नको. ऊब मिळाली नाही की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात. काकी म्हणाल्या ते हेच.

प्रभूनं यरुशलेमसाठी शोक करताना स्वतःला कोंबडीची उपमा दिली (लूक 13:34, मत्तय 23:37). जुन्या करारात देवाच्या पंखांची गोष्ट निघते तेव्हा गरुड आठवतो. इस्राएलला मिसर देशातून गरुडाच्या पंखांवर आणलं, असं निर्गमात आहे. प्रभूनं मात्र अंगणातली कोंबडी घेतली. जैतुनाच्या डोंगरावर, प्रभू जिथे रडला असं मानतात, तिथे दोमिनुस फ्लेविट नावाचं छोटं चर्च आहे, 1955 मध्ये बांधून झालेलं. त्याच्या वेदीच्या दर्शनी भागावर पंख पसरलेली कोंबडी आणि तिच्याखाली पिल्लं अशी मोझाइकची आकृती आहे. आणि लूकमध्ये या वचनाच्या दोनच वचनं आधी प्रभू हेरोदाला कोल्हा म्हणतो. आधी कोल्हा, लगेच कोंबडी. ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या अशा लोकांसमोर तो बोलत होता. पुढचं त्यांना सांगावं लागलं नसेल. कोल्ह्यापुढे कोंबडीला दात नाहीत, नख्याही कामाच्या नाहीत. ती फक्त पिल्लं आणि कोल्हा यांच्यामध्ये स्वतःचं अंग घालते.

आपण वाटतो त्या पिल्लांच्या आणि कोल्ह्याच्या मध्ये कोण आहे? कोणी नाही. म्हणून मी खुराड्याला पंख म्हणते. आई नसलेल्या पिल्लाला जी भिंत, जो बल्ब आणि जी कडी मिळते, तीच त्याची आई.

खुराडं म्हणजे मोठं बांधकाम नव्हे. दहा मोठ्या पक्ष्यांना रात्री बसायला 5 फूट बाय 4 फूट जागा पुरते. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेलं असलं तर आपल्या पावसात ओल येत नाही, घूसही खालून उकरून सहज शिरत नाही. जमिनीवरच करायचं असेल तर जाळी फूटभर मातीत गाडावी. जाळीच्या बाबतीत मात्र हात आखडू नये. बाजारात कोंबडीची जाळी म्हणून जी षटकोनी पातळ तार मिळते ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं दातांनी ती फाडतं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी. मुंगसाचं डोकं जिथून जातं तिथून त्याचं सगळं अंग जातं. आणि मुंगूस दिवसाचं येतं, रानमांजर आणि कांडेचोर रात्रीचे, घार आणि कावळा दिवसाचे. म्हणजे राखण दोन्ही वेळची. पिल्लं लहान असेपर्यंत दिवसा डालग्याखाली, रात्री खुराड्यात, हा जुना रिवाज उगाच नव्हता.

हवेची एक गोष्ट लोक हमखास विसरतात. थंडी लागू नये म्हणून सगळीकडून पोती बांधतात आणि आत विष्ठेचा उग्र वास कोंडतो. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, पुढे घरघर. हवा छपराखालून, वरून जायला हवी आणि बसलेल्या कोंबडीच्या अंगावर झोत येता कामा नये. नोहाला तारू बांधायला सांगताना देवानं वरून हातभर जागा उजेडासाठी ठेवायला सांगितली आहे (उत्पत्ती 6:16). लांबी 300 हात, रुंदी 50, उंची 30, आतून-बाहेरून डांबर, दार कुठल्या बाजूला, हे सगळं आधी सांगितलं, आणि प्राणी नंतर आले. शेवटी सगळे आत गेल्यावर दार परमेश्वरानं स्वतः लावलं (7:16). आमच्या घरी हे वाचलं की आजी म्हणायची, देवालासुद्धा खुराडं लावायचं काम चुकलं नाही.

ते काम रोजचं आहे. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. दिवेलागणीला ती आपणहून आत येते, दांडीवर बसते आणि मग कोणी मान धरली तरी तिला धड पळता येत नाही. आईविना वाढलेल्या पिल्लांना तर आत जायचं हेही माहीत नसतं. पहिले काही दिवस "तीऽऽ तीऽऽ" करत दाणे टाकून त्यांना आत शिकवावं लागतं. जाळी कितीही चांगली असो, कडी लावली नाही तर ती व्यर्थ. आणि कडी साध्या आकड्याची नको, खिळा घालून अडकणारी हवी.

"आमच्या आज्यांनी कुठे जाळ्या लावल्या होत्या?" हा प्रश्न पॅरिश कौन्सिलमध्ये येणारच, म्हणून इथेच बोलते. त्यांच्या घराच्या जोत्यात, ओसरीखाली, दगडी खुराडं होतं आणि त्याच्या तोंडाला रात्री फरशी लावली जायची. गावठी कोंबडी हलकी, वेळ आली तर फणसावर उडून बसायची. गिरिराज अंगानं जड, ती उडत नाही. गावठी कोंबडी खुडूक होऊन स्वतःची पिल्लं स्वतः वाढवायची. या जाती खुडूक होण्याचंच जवळजवळ विसरल्या आहेत. आणि स्लॅबच्या नव्या घरांना ते जोतं राहिलेलं नाही. आजीची कोंबडी, आजीचं घर यांतलं काही न देता आजीचं उदाहरण तेवढं द्यायचं, हे बरोबर नाही.

दुसरा प्रश्न जास्त भक्तिभावाचा असतो: राखणारा देव आहे, आपण तारा-जाळ्यांत पैसे कशाला घालवायचे? देव राखणारा आहे, हे खरंच. पण अनुवाद 22 उघडून पाहा. सहाव्या-सातव्या वचनात पक्ष्याचं घरटं सापडलं तर आईला पिल्लांबरोबर धरू नको, असं आहे. लगेच आठव्यात नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडलं तर रक्ताचा दोष तुझ्या घराला, असं आहे. घरटं आणि कठडा एकाखाली एक. कठडा बांधणं हा अविश्वास आहे असं मोशेच्या नियमशास्त्रात कुठे म्हटलेलं नाही. आणि याकोबाच्या पत्रातला तो माणूस आठवा, जो उघड्या भावाला "ऊब घे, तृप्त हो" म्हणून वाटेला लावतो आणि अंगावर घालायला काही देत नाही. एक दिवसाचं पिल्लू डिसेंबरात बल्बाशिवाय देणं याहून फार वेगळं नाही.

सरकारच्या योजनेतही हे कळलेलं होतं. केंद्राच्या परसातील कुक्कुटपालन योजनेत पिल्लं आधी चार आठवडे एका ठिकाणी वाढवून मग कुटुंबांना द्यायची पद्धत होती, आणि त्या ठिकाणाला नाव होतं "मदर युनिट". रात्रीच्या निवाऱ्यासाठीही पैसे धरलेले होते. सरकारी कागदाला आईची आठवण राहते, तर आपल्याला राहायला काय हरकत आहे?

म्हणून माझी सूचना अशी. आगमनकाळाचे चार आठवडे खुराडी बांधण्यात घालवावेत. तो काळ तयारीचाच आहे. पिल्लं नाताळच्या दिवशी स्टेजवर फोटोसाठी देऊ नयेत. ती एका मोठ्या आवारात, बल्बाखाली, महिनाभर वाढवावीत आणि थंडी ओसरली की बांधून झालेल्या खुराड्यात पोचवावीत. आपल्या तरुणांना हे काम जमणार नाही असं कोणी म्हणू नये. दर नाताळात बांबू, जाळी, पेंढा आणि बल्ब घेऊन ते जो गोठा उभा करतात तो बघायला दुसऱ्या पॅरिशची माणसं येतात. बल्बाखाली पिल्लं कशी बसली आहेत ते बघायला त्यांना दोन दिवसांत येईल: दाटीनं खाली आली तर थंडी, लांब पळाली तर उष्णता जास्त, सगळीकडे पसरून बसली तर ठीक. भोवती पुठ्ठ्याचं गोल कुंपण करावं, कोपरा राहू नये. जमिनीवर भाताचं तूस पसरावं. त्याची आपल्या भागात वाण नाही.

ज्यांच्याकडे खुडूक गावठी कोंबडी आहे त्यांना तर याहून सोपी वाट आहे. तिच्या अंड्यांवरच्या बसण्याचे दिवस भरत आले की रात्री अंधारात एक दिवसाची पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सारायची. बहुतेक वेळा सकाळी ती त्यांना आपलीच मानून बाहेर काढते. दत्तक होण्याबद्दल संत पौलानं रोमकरांना जे लिहिलं त्यावर प्रवचन करणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

लशीचं राहिलं. मानमोडी आली की गल्लीच्या गल्ली रिकामी होते, आणि तिच्यावर उपाय फक्त लस. पहिला थेंब साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात. पुढचं टोचण दीड-दोन महिन्यांनी. कुपी बर्फात आणावी लागते आणि एकदा पातळ केली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. एका कुपीत शंभर-दोनशे पक्ष्यांची लस असते, त्यामुळे दहा पिल्लंवाली एकटी बाई ती कधीच आणणार नाही. सगळ्या वाडीनं एकाच सकाळी केलं तरच होतं, आणि यात कोणाची पिल्लं पॅरिशची आणि कोणाची नाहीत हे बघू नये. शेजारच्या घरची कोंबडी आजारी पडली तर आपलीही पडणार.

पॅरिश कौन्सिलची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. घरी जुनी वेल्डेड जाळी, उरलेली मंगळुरी कौलं, काढून ठेवलेल्या खिडकीच्या चौकटी, बिजागऱ्या असतील त्यांनी निरोप द्यावा. रिक्षा पाठवून आणून घेऊ. सुतारकाम येणाऱ्या दोघांनी आधीच होकार दिला आहे. त्या काकींच्या घरचं खुराडं पहिलं करावं, अशी माझी विनंती राहील.