पाटी कोणाच्या नावावर?

नवा गाळा घेताना व्यापारी दोन गोष्टी आधी पाहतो : करारनामा कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते. संकेतस्थळ उघडताना मात्र हेच दोन प्रश्न विचारायचे राहून जातात, कारण तेथील शब्द अनोळखी असतात.

कापडाच्या एखाद्या जुन्या पेढीचे उदाहरण घेता येईल. शिकून परतलेला मुलगा संकेतस्थळाचे अंदाजपत्रक वडिलांसमोर ठेवतो. डोमेन, होस्टिंग, एसएसएल, सीएमएस असे शब्द आणि त्यांच्यापुढे रकमा. वडील चष्मा सावरून एवढेच विचारतात, ‘‘यातले आपल्या मालकीचे काय आणि भाड्याचे काय, ते आधी सांग.’’ संकेतस्थळाची सारी परिभाषा या एका प्रश्नाच्या आधारे समजून घेता येते.

डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव, म्हणजेच पेढीची पाटी. संगणक एकमेकांना अंकांनी ओळखतात. माणसाला मात्र नाव लक्षात राहते. नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली आणि जग आजही तीच वापरते. ‘डोमेन विकत घेतले’ असे म्हणण्याची रीत असली तरी ते कायमचे विकत मिळत नाही. ‘.कॉम’सारखे नाव एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी नोंदवता येते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण चुकून नोंद रद्द झाली, तर पुढील 30 दिवस जादा शुल्क भरून नाव सोडवता येते. त्यानंतर आणखी 5 दिवसांनी ते कोणालाही घेण्यास मोकळे होते. आजोबांच्या नावाने चाललेल्या पेढीची पाटी अशी परक्याच्या हाती जाऊ शकते.

‘.इन’ या शेवटाच्या नावांची नोंदवही निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते. 2014 पासून ‘.भारत’ हा शेवट असलेले नाव देवनागरीतही घेता येते. शेवट कोणताही असो, नोंदणीत धारक म्हणून पेढीचे किंवा मालकाचे नाव हवे, आणि दिलेला ईमेल घरातील जबाबदार व्यक्तीच्या ताब्यातील हवा. अनेकदा संकेतस्थळ बनवणारा कारागीर सोयीसाठी स्वतःचेच नाव व ईमेल घालतो. त्यात कपट असतेच असे नाही. परंतु तो दुसऱ्या गावी गेला, व्यवहार बिघडला किंवा त्याचा मृत्यू झाला, तर पैसे पेढीचे आणि पाटी त्याची, अशी अवस्था होते.

होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. संकेतस्थळाची पाने, छायाचित्रे व माहिती ज्या संगणकावर ठेवली जाते त्याला सर्व्हर म्हणतात. एकाच सर्व्हरवर अनेकांना जागा देणे हे शेअर्ड होस्टिंग होय. ते स्वस्त असते आणि लहान पेढीस बहुधा पुरते. पाटी आणि गाळा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गाळा बदलला तरी पाटी तीच ठेवता येते, फक्त पाटी स्वतःच्या ताब्यात असावी लागते.

एसएसएल प्रमाणपत्र म्हणजे मोहोरबंद लिफाफा. ते असल्यास पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ येते आणि ग्राहकाने भरलेली माहिती वाटेत कोणास वाचता येत नाही. जुलै 2018 पासून गूगलचा क्रोम ब्राउझर ज्या स्थळास हे कवच नाही त्याला ‘असुरक्षित’ असा शेरा देतो. लिफाफा मोहोरबंद असला म्हणून आतला व्यापारी सचोटीचा ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सचोटीचे प्रमाणपत्र कोणताही संगणक देत नाही.

पानाचा सांगाडा एचटीएमएलने उभा राहतो. रंग, अक्षर व मांडणी सीएसएसने ठरते. कारागिराला न बोलावता घरच्या माणसाने भाव किंवा छायाचित्र बदलावे, यासाठी सीएमएस असते. 2003 मध्ये आलेले वर्डप्रेस हे त्याचे प्रसिद्ध आणि विनामूल्य उदाहरण. मोबाइल असो वा संगणक, पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी आपोआप जुळत असेल तर तिला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. काम ताब्यात घेण्यापूर्वी मालकाने ते स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहावे.

उरतो रचनेचा हक्क. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 नुसार बाहेरच्या कारागिराने लिहिलेली प्रणाली, केवळ पैसे दिले म्हणून पेढीची होत नाही. हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतो आणि त्या करारात मुदत नमूद नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो. म्हणून कोणता हक्क दिला, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, हे तिन्ही स्पष्ट लिहून घ्यावे. संपूर्ण संकेतस्थळाची प्रत, म्हणजे बॅकअप, ठरावीक दिवसांनी पेढीकडे यावी, हेही त्याच कागदावर असावे.

एवढे ऐकल्यावर वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मुलाला देता येते : ‘‘अण्णा, पाटी मुदतीची पण आपल्या नावाची, गाळा भाड्याचा, माल आपला, आणि मांडणीचा हक्क लिहून घेतला तर आपला.’’

दिवाळीच्या वहीपूजनानंतर नव्या वहीत येणी-देणी उतरवली जातात. त्याच वहीच्या एका पानावर डोमेनचे नाव, धारकाचे नाव, नोंदणी करणारी कंपनी आणि मुदत संपण्याची तारीख लिहावी. पासवर्ड मात्र वहीत न लिहिता बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा आणि तो कोठे आहे हे घरातील दोघांना ठाऊक असावे. पेढी पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती अशाच नोंदींवर.