दुसऱ्या ओळीतला पत्ता

नवा संगणक टेबलावर आला की नेटवर्क अ‍ॅडाप्टरच्या प्रॉपर्टीज उघडून डीएनएसचे दोन पत्ते हाताने टाइप करायचे, ही पद्धत छोट्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांच्या लॅबमध्ये अजून सर्रास दिसते. ती आता थांबवली पाहिजे. डीएचसीपीचे आजचे प्रमाणक १९९७ सालचे आहे; त्यातला सहा क्रमांकाचा ऑप्शन क्लायंटला डीएनएसचे पत्ते देण्यासाठीच आहे.

घोटाळा बहुधा दुसऱ्या ओळीत असतो. पहिला पत्ता डोमेन कंट्रोलरचा आणि दुसरा ८.८.८.८, म्हणजे सर्व्हर बंद पडला तरी निदान इंटरनेट चालेल, असा हिशेब. पण पहिल्याकडे नाव सापडले नाही म्हणून क्लायंट दुसऱ्याकडे जात नाही. ‘असे नाव नाही’ हेही त्याच्या लेखी उत्तरच असते. पहिल्याकडून वेळेत काहीच आले नाही, तरच तो पुढच्याला विचारतो. त्यामुळे डोमेन कंट्रोलर रीस्टार्ट होत असताना विंडोज बाहेरच्या सर्व्हरकडे वळतो. त्याला तुमच्या डोमेनच्या एसआरव्ही नोंदी ठाऊक असणे शक्यच नाही. मग लॉगिन रखडते, ग्रुप पॉलिसी लागू होत नाही, शेअर केलेले फोल्डर उघडत नाहीत. थोड्या वेळाने सारे आपोआप सुरळीत होते आणि खरे कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही पत्ते अंतर्गत सर्व्हरचेच हवेत. बाहेरची नावे विचारण्याचे काम त्या सर्व्हरच्या फॉरवर्डरने करावे.

ही चूक डीएचसीपीच्या स्कोपमध्येही होऊ शकते, पण तिथे ती एकाच जागी दुरुस्त होते. सर्व्हर बदलायचा असेल, तर आधी लीजची मुदत कमी करा. विंडोज सर्व्हरवर ती मुळात ८ दिवसांची असते आणि क्लायंट निम्मी मुदत सरल्यावर नूतनीकरण मागतो, म्हणजे सतत चालू असलेल्या संगणकाला नवा पत्ता कळायला ४ दिवस लागू शकतात. हाताने भरलेला पत्ता मात्र डीएचसीपीच्या पत्त्यावर मात करतो. असे संगणक शोधून ती सेटिंग स्क्रिप्टने पुसल्याशिवाय बदल पूर्ण होत नाही.

आयपीव्ही६कडे अनेकांचे लक्षच नसते. तिथे राउटर स्वतःच्या घोषणेतूनही (आरए) डीएनएसचा पत्ता देऊ शकतो, आणि अँड्रॉइडचे फोन त्यावरच विसंबतात. इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरने आपला पत्ता असा जाहीर केला, की आयपीव्ही४चा स्कोप कितीही नेटका असो, डोमेनमधले संगणक कित्येकदा भलत्याच सर्व्हरला विचारू लागतात.

स्वयंचलित वाटपाला आक्षेप घेणारे सुरक्षेचा मुद्दा काढतात. तो रास्तच आहे. नेटवर्कवर कुणीही घरचा राउटर आणून जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो. पण हाताने भरलेली सेटिंगही सुरक्षित नसते: ‘डीएनएसचेंजर’ या मालवेअरने सुमारे ४० लाख संगणक बाधित केले होते, तेही डीएनएसचे पत्तेच बदलून. नोव्हेंबर २०११मध्ये एफबीआयने त्या टोळीवर कारवाई केली. टोळीच्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते चालू ठेवलेले पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ला बंद झाले, तेव्हाही अनेक संगणक त्यांच्यावरच अवलंबून होते.

खरा बंदोबस्त स्विचवर होतो: डीएचसीपी स्नूपिंग आणि आरए गार्ड. ज्या पोर्टमागे तुमचा डीएचसीपी सर्व्हर किंवा राउटर आहे, तेवढेच पोर्ट विश्वासार्ह ठरवायचे. अनेक मॅनेज्ड स्विचमध्ये या सोयी असतात, पण सुरू केलेल्या नसतात. आपल्या स्विचवर त्या आहेत का, हे या महिन्यात तपासा.